सात वर्षांच्या मुलाला काय कळतं?

"अहो, सात वर्षांचं पोर ते! प्रार्थना कुणाची आणि देव कुठला, त्याला काय कळतंय त्यातलं!"

पवईत शाळेच्या बसची वाट बघत उभ्या असलेल्या आईबाबांकडून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते कोण म्हणतंय याकडे लक्षही जात नाही. गंमत म्हणजे भांडणाच्या दोन्ही बाजूंचे लोक हेच वाक्य वापरतात. एक म्हणतो, पोराला काही कळत नाही, म्हणून म्हणू दे की येशूची प्रार्थना, काय बिघडतं? दुसरा म्हणतो, पोराला काही कळत नाही, म्हणूनच तर हे लोक त्याच्या डोक्यात काहीबाही भरवतात! निष्कर्ष उलटे, पण पाया एकच. आणि मला तो पायाच चुकीचा वाटतो. आज त्याबद्दलच थोडं लिहायचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. आपल्याकडे 'कॉन्व्हेंट' हा शब्द फारच सैल झालाय. मुळात कॉन्व्हेंट म्हणजे नन्स राहतात ती जागा. पण विदर्भात जा, ज्या शाळेत औषधालाही एक नन नाही, जिच्या संस्थापकांच्या घरी रोज सत्यनारायण होत असेल, तिच्याही पाटीवर 'कॉन्व्हेंट' असतं. मुंबईत तर कुठलीही ख्रिस्ती नावाची शाळा कॉन्व्हेंट. आमच्या पवईत १९९७ मध्ये बॉम्बे स्कॉटिशची शाखा आली, तिलाही लोक सर्रास कॉन्व्हेंट म्हणतात. नावातच स्कॉटिश आहे, परंपरा प्रोटेस्टंट आहे, कॅथलिकांशी संबंध नाही, हे कोण बघतो! कॉन्व्हेंट म्हणजे चांगलं इंग्रजी, शिस्त आणि पांढरे मोजे, इतकाच अर्थ उरलाय.

खरी कॅथलिक प्राथमिक शाळा मात्र वेगळी असते. ती चर्चची किंवा एखाद्या धर्मसंघाची असते, आणि तिथे धर्म भिंतीवरच्या क्रूसापुरता नसतो, दिवसाच्या वेळापत्रकात असतो. सकाळच्या असेंब्लीत प्रार्थना आणि गाणं. डबा उघडण्यापूर्वी छोटी प्रार्थना. ऑक्टोबर हा रोझरीचा, म्हणजे जपमाळेचा महिना. ८ सप्टेंबरला मारियेचा जन्मदिवस, नाताळला गोठा, ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा लेंट. बहुतेक ठिकाणी कॅथलिक मुलांना कॅटेकिझमचा, म्हणजे धर्मशिक्षणाचा तास असतो आणि त्याच वेळी बाकीच्यांना 'मॉरल सायन्स' किंवा आता ज्याला 'व्हॅल्यू एज्युकेशन' म्हणतात ते. ही वाटणी तशी जुनीच आहे, आणि माझ्या मते शहाणपणाचीही. कॅटेकिझम कुणाला आणि कुणाला नाही, हे त्यात स्वच्छ आहे. प्रश्न येतो तो उरलेल्या वेळेत, जिथे ही वाटणी नसते. असेंब्लीत, डब्याच्या वेळी, वर्गशिक्षिका "चला, डोळे मिटा, हात जोडा" म्हणते तेव्हा.

आमच्या वरच्या मजल्यावर एक कुटुंब राहतं. मूळचे साताऱ्याकडचे. मुलगा दुसरीत, शाळा कॅथलिक. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला होतो. ताटं वाढली आणि आजीने नातवाला सांगितलं, श्लोक म्हण. मुलाने आधी कपाळाला, मग छातीला, मग दोन्ही खांद्यांना हात लावला, क्रूसाची खूण केली, आणि मग आपला जेवणाआधीचा श्लोक अगदी खणखणीत म्हटला. वडील हसले. आजीचा चेहरा मात्र उतरला. तिने विचारलं, "हे रे काय?" पोरगा शांतपणे म्हणाला, "शाळेत हे करून मगच जेवायचं असतं. इथे श्लोक पण म्हणायचा असतो. मी दोन्ही केलं." आणि मग थोडं थांबून: "पण टीचरना सांगू नका हं, मी तिथे मनातल्या मनात श्लोक म्हणतो ते."

मी हा किस्सा दोनचार जणांना सांगितला. सगळे हसले. कित्ती गोड, म्हणाले. गोड आहेच. पण त्या शेवटच्या वाक्याकडे बघा. या मुलाला काही कळत नाही? त्याला सगळं कळतंय! दोन घरं आहेत, दोन्हीकडे देवाशी बोलायची रीत वेगळी आहे, दोन्हीकडची मोठी माणसं आपल्याकडून काहीतरी अपेक्षा ठेवून आहेत, आणि एकीकडचं दुसरीकडे सांगायचं नसतं, इथपर्यंत त्याचं त्यानेच शोधून काढलंय. शाळेने त्याला लपवायला सांगितलं असेल असं मला वाटत नाही. पण लपवावं लागेल असं त्याला वाटलं, हे खरं.

आणि सातव्या वर्षी मुलाला कळतं, हे मी एकटा म्हणत नाही. खुद्द कॅथलिक चर्च म्हणतं! पूर्वी मुलांना पहिलं कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, बऱ्याच उशिरा मिळायचा. अनेक देशांत दहा, बारा, कधी चौदा वर्षांपर्यंत थांबवायचे. पोप दहावे पायस यांनी १९१० च्या ऑगस्टमध्ये एक आज्ञापत्र काढून ते बदललं. मूल साधारण सात वर्षांचं झालं की त्याला समज येते, साधी भाकर आणि हा प्रसाद यातला फरक त्याला ओळखता येतो, मग त्याला ताटकळत ठेवू नका, असा त्याचा आशय. त्यानंतर जगभर, आणि आपल्या मुंबईतही, लहान मुलांची पांढऱ्या कपड्यातली फर्स्ट कम्युनियन सुरू झाली. आपल्याकडे ती साधारण तिसरी-चौथीच्या वयात होते.

आता विचार करा. ज्या वयात कॅथलिक मुलाला हे सगळं कळतं, त्याच वयात त्याच बाकावर शेजारी बसलेल्या मुलाला काहीच कळत नाही, असं कसं होईल? एकतर दोघांनाही कळत नाही, किंवा दोघांनाही कळतं. आणि दोघांनाही कळत असेल, तर शेजारच्याने म्हटलेली प्रार्थना ही नुसती पोपटपंची राहत नाही. ते शब्द आहेत आणि शब्दांना अर्थ आहे.

दुसरी गोष्ट. चर्च बिगर-कॅथलिकांना कम्युनियन देत नाही. मिस्साला कुणीही या, बसा, पण रांगेत उभं राहून प्रसाद घ्यायचा तर बाप्तिस्मा हवा, श्रद्धा हवी. काही लोकांना याचा राग येतो, आमच्या देवळात तर सगळ्यांना प्रसाद देतात, म्हणतात. मला उलट यात एक प्रामाणिकपणा दिसतो. काही कृती अशा असतात की त्या विश्वास असल्याशिवाय करू नयेत, कारण तसं केलं तर त्या कृतीलाच किंमत राहत नाही. हे जर ख्रिस्तप्रसादाबाबत खरं असेल, तर क्रूसाच्या खुणेबाबत का नसावं? पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने केलेली ती खूण आहे. ती काही पी.टी.ची कवायत नव्हे! ज्याचा त्यावर विश्वास नाही त्याच्याकडून ती रोज करून घेणं म्हणजे त्या मुलाचा अपमान तर आहेच, पण त्या खुणेचाही आहे. माझ्या ओळखीच्या एका कॅथलिक बाईंचं मत तर याहून कडक आहे. वर्गातली चाळीस पोरं एकमेकांना कोपर मारत मारत ती खूण करतात ते बघून त्यांना वाईट वाटतं म्हणे.

बरं, कायदा काय म्हणतो? बहुतेक पालकांना वाटतं की अल्पसंख्याकांच्या शाळेला कलम ३० चं संरक्षण आहे, म्हणजे तिथे त्यांचंच चालणार. अर्धं खरं आहे. कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क दिलाय, आणि तो दिलाच पाहिजे. पण त्याच्या दोन पावलं आधी कलम २८ आहे. त्याचा तिसरा भाग सांगतो की, सरकारमान्य किंवा सरकारी अनुदान घेणाऱ्या कुठल्याही शिक्षणसंस्थेत जाणाऱ्या व्यक्तीला, तिच्या संमतीशिवाय, आणि ती अज्ञान असेल तर पालकांच्या संमतीशिवाय, धर्मशिक्षणात भाग घ्यायला किंवा धार्मिक उपासनेला हजर राहायला लावता येणार नाही. नीट वाचा. शाळेने प्रार्थना घेऊ नये असं घटना म्हणत नाही. विचारा, एवढंच म्हणते. आता मला सांगा, तुमच्यापैकी किती जणांना शाळेच्या प्रवेशअर्जावर हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारला गेला होता? डोनेशन, बसचा मार्ग, रक्तगट, सगळं विचारतात. हे कुणी विचारत नाही. आपणही विचारत नाही, कारण अ‍ॅडमिशन मिळणं हेच इतकं मोठं असतं की त्या दिवशी तोंड उघडायची कुणाची छाती होत नाही.

दोन निकाल इथे आठवतात. पहिला केरळचा. १९८५ मध्ये कोट्टयम जिल्ह्यातल्या तीन भावंडांना शाळेतून काढलं. ती यहोवाज विटनेसेस पंथाची होती. राष्ट्रगीताच्या वेळी उभी राहायची, पण गायची नाहीत, कारण त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि ऑगस्ट १९८६ मध्ये न्या. चिन्नप्पा रेड्डी यांच्या पीठाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. आदराने उभं राहणं पुरेसं आहे, गाण्याची सक्ती करता येत नाही. लक्षात घ्या, ही राष्ट्रगीताची गोष्ट होती, ज्याच्याबद्दल आपण सगळेच हळवे असतो. तिथे सक्ती नाही, तर मग प्रार्थनेला कशी असेल?

दुसरा आपल्या नाशिकचा. संजय साळवे हे तिथल्या एका माध्यमिक शाळेतले शिक्षक. शाळा ख्रिस्ती नव्हे. प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला त्यांनी नकार दिला, शाळेने ते बेशिस्त ठरवलं आणि त्यांना वरची वेतनश्रेणी नाकारली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की शिक्षकाला प्रार्थनेत हात जोडायची सक्ती करणं हा त्याच्या मूलभूत हक्कांचा भंग आहे. साळवे मोठे होते, कोर्टात जाऊ शकले. दुसरीतलं पोर कुठे जाणार?

नाशिकचं उदाहरण मुद्दाम दिलं. कारण हा विषय निघाला की आमच्या सोसायटीत लगेच सूर लागतो, "बघा, हे मिशनरी!" थांबा जरा. आपल्या मराठी शाळांत दसऱ्याच्या आधी सरस्वतीपूजन होतं, पाटीपूजन होतं. वर्गात एखादा अन्सारी असतो, एखादा डिमेलो असतो, एखाद्या बौद्ध घरातली मुलगी असते. तिला कुणी विचारतं का, की बाळ, तुला फुलं वाहायची आहेत ना? पवईतच आयआयटीच्या आवारात केंद्रीय विद्यालय आहे. देशभरच्या केंद्रीय विद्यालयांत सकाळी संस्कृत प्रार्थना होते. तिच्याविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि हा प्रश्न घटनापीठाने बघण्यासारखा आहे असं २०१९ च्या जानेवारीत न्यायालयाला वाटलं. तिथे तर शाळा सरकारी पैशावर चाललेली! आपलं असतं तेव्हा ते 'संस्कार' आणि दुसऱ्याचं असतं तेव्हा 'लादणं', हा हिशोब काही मला पटत नाही. नियम लावायचा तर दोन्हीकडे सारखा लावा.

"आम्ही पण कॉन्व्हेंटमध्ये शिकलो, सगळ्या प्रार्थना म्हटल्या, झालो का ख्रिश्चन?" असं विचारणारेही बरेच आहेत. खरं आहे त्यांचं. बहुतेकांचं काहीच बिघडत नाही. पण एक फरक आहे. हिंदू घरातलं मूल शाळेतून बाहेर पडलं की सगळं जग त्याचंच असतं. पवई तलावाच्या गणेश घाटावर विसर्जन बघायला जातं, दिवाळीची सुट्टी असते, टीव्हीवर महाभारत असतं. शाळेतली ती दहा मिनिटं त्यात विरघळून जातात. सरस्वतीपुढे बसवलेल्या मुसलमान किंवा ख्रिस्ती मुलाला ही चैन नाही. त्यामुळे 'माझं काही बिघडलं नाही' हा संख्येने जास्त असलेल्यांचा अनुभव आहे, त्यावरून नियम करता येत नाही.

मग उपाय काय, प्रार्थनाच बंद? अजिबात नाही. मला ते मुळीच नकोय. २०२४ च्या फेब्रुवारीत आसाममध्ये एका संघटनेने मिशनरी शाळांमधले क्रूस आणि पुतळे काढून टाका असा इशारा दिला होता. त्यानंतर एप्रिलमध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने आपल्या शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. परिषदेच्या छत्राखाली सुमारे १४,००० शाळा आहेत, म्हणजे ही लहान गोष्ट नव्हे. इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका, सर्व श्रद्धांचा मान राखा, असेंब्लीत संविधानाची उद्देशिका म्हणा, ती प्रवेशद्वाराशी लावा, सर्वधर्मीय प्रार्थनेसाठी जागा ठेवा, असं त्यात होतं. महाराष्ट्रात उद्देशिकेचं वाचन २६ जानेवारी २०२० पासून शाळांना सांगितलेलंच आहे.

सूचना चांगल्याच आहेत. पण त्या कुठल्या हवेत निघाल्या ते विसरता येत नाही. भीतीपोटी आपली प्रार्थना गिळून टाकणारी शाळा मला सक्ती करणाऱ्या शाळेइतकीच वाईट वाटते. पवईला होली ट्रिनिटी चर्च आहे. या साष्टी बेटावर १५३४ ते १७३९ पोर्तुगीज होते, तेव्हापासूनचे ख्रिस्ती इथल्या गावठाणांत आहेत, मरोळला आहेत, सगळीकडे आहेत. हे ईस्ट इंडियन लोक घरात मराठीच बोलत आलेत. हिरानंदानीचे टॉवर उभे राहायच्या कितीतरी आधीपासून! वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. ही माणसं कुठून बाहेरून आलेली नाहीत. त्यांच्या शाळेत त्यांची प्रार्थना होणार नाही तर कुठे होणार?

म्हणून पालकांनाही एक सांगावंसं वाटतं. आपल्याला त्या शाळेचं इंग्रजी हवं, शिस्त हवी, निकाल हवा, कमी फी हवी, आणि ज्या श्रद्धेपोटी कुणीतरी आयुष्य वाहून ती शाळा उभी केली ती श्रद्धा तेवढी नको. हे म्हणजे खानावळीत जाऊन फुकटची चटणी मागायची आणि मालकाच्या कपाळावरच्या गंधावर नाक मुरडायचं! क्रूस खटकत असेल तर दुसरी शाळा बघा, पवईत त्यांची काही कमी नाही. पण त्याच शाळेने राखी काढायला लावली, मेंदीसाठी दंड केला, कपाळावरचं गंध पुसलं, तर जरूर भांडा. स्वतःचा क्रूस भिंतीवर ठेवण्याचा हक्क ज्याला हवा, त्याला मुलीच्या हातावरची मेंदीही सोसता आली पाहिजे.

आणि एक गोष्ट राहिली, जिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. खुद्द कॅथलिक मुलाचं काय? कॅथलिक शाळांत शिकलेल्या अनेकांकडून ऐकलंय, सोमवारी सकाळी वर्गात विचारायचे, काल मिस्साला कोण कोण गेलं नाही? उभे राहा. ज्या घरात आई नर्स आहे आणि रविवारी ड्यूटी असते, ज्या घरात वडिलांचं चर्चशी पटत नाही, त्या घरातलं पोर चाळीस जणांसमोर उभं. त्याने काय पाप केलं? श्रद्धा ही सक्तीने येत नाही, हे चर्चनेच १९६५ च्या धर्मस्वातंत्र्याच्या घोषणापत्रात सांगितलंय. मुलाचे पहिले शिक्षक आईबाप, हेही त्याच वर्षीच्या शिक्षणावरच्या दस्तऐवजात आहे. कॅटेकिझम शिकवा, मन लावून शिकवा, परीक्षाही घ्या हवं तर. पण कुणाच्या देवळात जाण्याची हजेरी वर्गात घेऊ नका. बिगर-कॅथलिक मुलाला निदान घरी पळवाट असते. या मुलाला तीही नसते.

थोडक्यात काय, तर शाळेने आदराची अपेक्षा जरूर ठेवावी. प्रार्थना चालू असताना शांत उभं राहणं, खिदळायचं नाही, शेजाऱ्याला चिमटे काढायचे नाहीत, हे पहिलीच्या मुलालाही जमतं आणि ते त्याने शिकलंच पाहिजे. दुसऱ्याच्या देवापुढे गप्प उभं राहता येणं हा या देशात जगायला लागणारा सगळ्यात मोठा गुण आहे. पण शब्द उच्चारणं, खूण करणं, ओठ हलवणं, हे ज्याचं त्याच्यावर. आणि न म्हणणाऱ्याला वर्गाबाहेर उभं करायचं नाही, कारण तीही शिक्षाच झाली. तो तिथेच, आपल्या जागेवर, मित्रांच्या रांगेत उभा राहील.

यासाठी नवा कायदा नको, मोर्चा तर नकोच. प्रवेशअर्जावर दोन ओळी पुरेत. आमच्या शाळेत अमुक वेळी अमुक प्रार्थना होतात. आपलं मूल त्यात भाग घेईल, की शांतपणे उभं राहील? आणि खाली सहीच्या आधी एक छोटीशी सूचना, की हे उत्तर देण्यापूर्वी कृपया मुलालाही विचारा.

काय उत्तर येतं ते जरूर कळवा. मला उत्सुकता आहे.